मिनिमलिझमवाल्या मॅडमना, महाळुंग्यातून

आदरणीय मॅडम,


गेल्या रविवारी आपण महाळुंग्यात येऊन 'कमी वस्तू, कमी कचरा, जास्त आनंद' या विषयावर आमचं प्रबोधन केलंत, त्याबद्दल गाव आपलं ऋणी आहे. चाकण एमआयडीसीला खेटून राहताना इतकी वर्षं आमची समजूत होती, की आपल्याला त्रास आहे तो चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा. तो घरातल्या जास्तीच्या वस्तूंचा आहे, हे आपण आलात म्हणून कळलं.

'पॅकिंगच्या मालाचं किराणा दुकान हाच कचऱ्याचा उगम' असं आपण म्हणालात, तेव्हा अर्ध्या हॉलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते मी गिळलं. धंद्यात गिळावंच लागतं. पण नंतर आपण जो खेळ घेतलात, तो काही घशाखाली उतरत नाही.

आपण सगळ्यांना घरातल्या वस्तू मोजायला लावल्यात. कुणाच्या नुसत्या साड्याच शंभरावर गेल्या, हशा झाला. मग उदगीरकडचा तो कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा उठला. माझ्या दुकानामागच्या चाळीत राहतो. त्याने बोटांवर मोजलं: एक पेटी, एक ताट, दोन जीन्स, कंपनीचे सेफ्टी शूज, मोबाइल, चार्जर. कुकर खोलीतल्या पाच जणांत मिळून. गादी दोघांत एक, कारण हा फर्स्ट शिफ्टला गेला की थर्ड शिफ्टवाला येऊन तिच्यावर पडतो. हॉल गप्प झाला. आणि मॅडम, आपण टाळ्या वाजवल्यात! 'बघा, हा खरा मिनिमलिस्ट!' पुढे बोलावून त्याला लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दिलंत आणि वर बक्षीस: बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, तांब्याची बाटली, थर्माकोलमध्ये बसवून, खोक्यात घालून, वरून चकचकीत प्लास्टिक गुंडाळून. वस्तू नाहीत म्हणून कौतुक, आणि कौतुक म्हणून वस्तू.

त्याच्याकडे वस्तू का नाहीत, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. मी सांगतो. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचे काही हक्क लागू होतात. म्हणून ते भरायच्या आत या पोरांना 'ब्रेक' मिळतो, म्हणजे काम सुटतं. ब्रेक मिळाला की खोली सोडायची, दुसऱ्या कंपनीच्या गेटाजवळ नवी बघायची. तो कपाट घेऊन फिरणार कुठे? पुढच्या महिन्यात काम आहे की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो पलंग घेत नसतो. याला जीवनशैली म्हणतात होय? याला नाइलाज म्हणतात, आणि त्याला टाळ्या वाजवायच्या नसतात!

असो. आपला दुसरा सल्ला, महिन्याचं सामान एकदम भरा, काचेच्या बरण्यांत ठेवा. बरणीला फळी लागते, फळीला भिंत लागते आणि सामानाला एकरकमी रोकड लागते. तो पोरगा संध्याकाळी येऊन शाम्पूची एक पुडी आणि तेलाची लहान पिशवी नेतो, कारण खिशात तेवढेच असतात. ती पुडी भंगारवालाही घेत नाही. वेगवेगळे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सुटे करणं परवडत नाही. ती जाते नाल्यात, नाहीतर जाळात. 'घरची बाटली न्या, सुटं तेल आणा,' असंही म्हणालात. मॅडम, सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसं दगावली होती. म्हणजे आपलं ऐकलं तर मी गुन्हेगार, कायद्याचं ऐकलं तर कचऱ्याचा उगम.

आपण जपानची, स्वीडनची उदाहरणं दिलीत. जवळचं राहिलं. भामचंद्राचा डोंगर इथून जवळ आहे, तिथे तुकोबा चिंतनाला बसत. त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. ती खतं लोकांकडून येणं असलेल्या पैशांची होती. तुकोबांनी कमी केलं ते दुसऱ्याच्या डोक्यावरचं. पोराच्या पेटीत काय काय आहे, हे मोजत बसले नाहीत.

आणि कचऱ्याची किंमत तर आम्हाला शिकवूच नका. या पट्ट्यात कंपन्यांच्या भंगाराच्या ठेक्यावरून हाणामाऱ्या होतात. चाळीत पॅलेटच्या फळ्यांवर गॅस मांडलेला आहे, गादीखाली पार्टच्या खोक्यांचे पुठ्ठे आहेत. त्याला 'अपसायकलिंग' म्हणतात, हे त्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आपण दुकानात आलात. आपली स्टीलची बाटली रिकामी होती, हॉलच्या पिंपात पाणी नव्हतं. वीस रुपयांची प्लास्टिकची बाटली घेतलीत, इकडेतिकडे बघत ज्यूटच्या पिशवीत सरकवलीत आणि पावती मागितलीत. पैसे कंपन्यांच्या सीएसआरमधून येतात, मध्ये एजन्सी आहे, मानधन तीन-तीन महिने निघत नाही, पावती नसेल तर रिक्षाचेही कापतात, असं आपणच सांगत होतात. ऐकलं आणि आणलेला सगळा राग हातातच राहिला. म्हणजे आपणही ठेक्यावरच की! आपल्यालाही कुणी २४० दिवस भरू देत नसणार. घसा बसला होता आपला. मी आल्याची गोळी दिली, ती कागदासकट खिशात टाकलीत.

म्हणून सांगतो, खेळासाठी माणसं चुकीची निवडलीत. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चायला २०१३ च्या कंपनी कायद्याने लावलं, त्यातून आपल्याला आमच्याकडे धाडलं गेलं. पुढच्या रविवारी आपण धाडणाऱ्यांकडे जा. त्यांच्या एसी कॉन्फरन्स रूममध्ये हाच खेळ घ्या. फक्त वस्तू मोजायला लावू नका, वर्षभरात ब्रेक दिलेली पोरं मोजायला लावा. टाळ्या वाजवायला दुकान बंद ठेवून मी येतो.

आपला,
कचऱ्याचा उगम

ता. क. बक्षिसाचं खोकं पोराने माझ्याकडे ठेवलंय, खोलीत जागा नाही. परत न्यायची सोय करा. नाहीतर बाटली आणि ब्रश विकून पैसे त्याला देतो. स्ट्रॉला मात्र इथे गिऱ्हाईक नाही.