पुरस्कारवाल्या अध्यक्षसाहेबांस

मा. अध्यक्षसाहेब,


आपला व्हॉट्सॲपवरचा निरोप पोचला. स्त्रीवादी संशोधनातल्या ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ मला सावित्रीबाईंच्या नावाचा राष्ट्रीय युवा संशोधिका पुरस्कार जाहीर झाल्याचं वाचून ऊर भरून आला. खाली नोंदणी शुल्क साडेतीन हजार रुपये, त्यात फेटा, शाल, सन्मानचिन्ह आणि एका माणसाचं जेवण. आईला सोबत आणायचं तर तिचं कुपन वेगळं!

आपल्या निवड समितीची तर कमालच. माझा प्रबंध अजून मार्गदर्शकांच्या कपाटात आहे, तरी समितीला तो पसंत पडला. मागितलं काय, तर आधार कार्ड, पासपोर्ट फोटो आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. विषय कुणी विचारला नाही. विचारला असता तर सांगितलं असतं, की आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या बेदाणा शेडवरच्या बायकांवर लिहितेय. उन्हाळ्यात रॅकवर द्राक्षं वाळतात, मग गंधकाची धुरी. त्या वासात बसून बाया बेदाणा निवडतात, रंग बघून, देठ काढून, दिवसभर मान खाली. बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी का, एवढाच माझा प्रश्न. तो विचारायला शेडवर जायचं म्हणजे एसटी आणि पुढं वडाप. तासिका तत्त्वावरच्या मानधनात बसतं ते एवढंच. आपले साडेतीन हजार त्यातून कसे काढायचे, यावरही एखादा पुरस्कार ठेवा.

आमच्याकडं बक्षिसाची परंपरा जुनी आहे, साहेब. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे बक्षीस घ्यायला उभी राहिली आणि खाऊ नको, ग्रंथालय द्या म्हणाली, असं सांगतात. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा निबंध छापून आला तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. ‘युवा’ गटात सहज बसली असती. ताराबाई शिंद्यांना १८८२ च्या ‘स्त्री-पुरुष तुलने’बद्दल शिव्याच मिळाल्या, पाठराखण केली जोतीरावांनी, तीही बिनशुल्क. आणि गेल ऑम्व्हेट! बर्कलेहून १९७३ मध्ये डॉक्टरेट घेतलेली ही बाई आमच्याच जिल्ह्यात, कासेगावात, येऊन राहिली, बायकांच्या चळवळीत उतरली आणि लिहीत राहिली. २०२१ मध्ये गेल्या. आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव दिसलं नाही. स्क्रीनशॉट पाठवायचा राहिला असणार.

तुमचा धंदा तुम्हाला लखलाभ. माझा खरा राग दुसरीकडं आहे. तुमचं ते सोनेरी काठाचं प्रमाणपत्र नोकरीच्या मुलाखतीत फायलीला लागतं, आणि टेबलापलीकडची मंडळी मान डोलावतात. चार वर्षं शेडवर हिंडलेली पोरगी तिथं हात हलवत बसते. शेजारची फेट्यातला फोटो पुढं सरकवते. तिलाही मी दोष देत नाही. जागा एक, उमेदवार ढीगभर. पण मान डोलावणाऱ्यांना एकदा तरी विचारावंसं वाटतं, की पावती बघितली का?

तेव्हा पुरस्कार साभार परत. शाल एखाद्या उद्घाटनाला उपयोगी पडेल.

आणि बायांनो, हा निरोप तुमच्या फोनवरही येईल. तीन जानेवारी किंवा आठ मार्च जवळ आला की हमखास. पैसे भरण्याआधी उलट एवढंच विचारा: परीक्षक कोण, आणि त्यांनी माझं काय वाचलं?

कळावे,
तासिका तत्त्वावरची एक प्राध्यापिका,
कवठे महांकाळ