सात रुपयांत सहा नग

भाऊंचं नाव सांगण्यात अर्थ नाही. नागपुरातल्या कुठल्याही मोहल्ल्यात उभं राहून 'ओ भाऊ!' अशी हाक मारली की दहा जण वळतात. त्यातले जे आधी पिशवी चाचपतात आणि मग वळतात, ते आमचे भाऊ. जामठ्याला मॅच लागली की मोहल्ल्यात टीम, पिच, टॉस यांवर चर्चासत्रं झडतात. भाऊ सगळ्यांचं ऐकून घेतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात, ‘‘ते सगळं ठीक आहे. पण खाण्याचं काय करून राहिले तुम्ही लोकं?’’

भाऊंच्या मते नागपूरच्या क्रिकेटचा सुवर्णकाळ २००८ साली संपला. तोवर मॅच सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर होत. तिथे १९६९ पासून कसोटी सामने झाले, म्हणजे भाऊंच्या भाषेत, १९६९ पासून लोकांची खाण्याची सोय होती. पाय उचलले की सीताबर्डी, आणि सीताबर्डीत काय मिळत नाही? मग स्टेडियम वर्धा रोडवर, शहरापासून पंधराएक किलोमीटरवर जामठ्याला गेलं. नवं, देखणं, ४५ हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं. भाऊ पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांच्या माना स्टँडकडे वर, यांची मान आजूबाजूच्या शेतांकडे. ‘‘एवढ्या खुर्च्या टाकल्या बाप्पा,’’ ते हळहळले, ‘‘अन् जवळ एक पोह्याचा ठेला नाही!’’

तेव्हापासून भाऊ विरुद्ध जामठा अशी जी मालिका सुरू आहे, तिचे सामने असे होतात.

सकाळी तर्री-पोहे. पोहे सगळेच खातात, पण भाऊ ते खेळतात. पैसे पोह्यांचे लागतात, तर्रीचे नाही, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. म्हणून पोहे अर्धे उरले असतानाच प्लेट पुढे करायची आणि म्हणायचं, ‘‘थोडी तर्री मारा ना भाऊ.’’ पोहे संपल्यावर मागितली तर ठेलेवाला ओळख देत नाही. लाल तवंगाखाली चणे असतात. पळी तळापासून फिरली पाहिजे, यासाठी भाऊ त्याच्या मनगटाकडे अंपायरसारखे बघत असतात. तिसऱ्या तर्रीला प्लेटमध्ये पोहा एक आणि चणे अठरा, अशी परिस्थिती येते. मग भाऊ समाधानाने कपाळाचा घाम पुसतात. दिवसाची पहिली भागीदारी झाली.

पुढे सीताबर्डीहून मेट्रो, खापरीपर्यंत. खापरीला उतरल्यावर ऑटो. एकट्याने ऑटो करणं म्हणजे भाऊंच्या लेखी वारसाहक्काची जमीन विकणं. ते रस्त्यावर उभं राहून ‘‘जामठा, जामठा, चला स्टेडियम!’’ असं ओरडत स्वतःच सवाऱ्या गोळा करतात. एकदा ऑटोवाल्याला वाटलं, हा स्टँडवरचाच माणूस. उतरताना त्याने भाऊंकडून पैसे घेतले नाहीत, उलट विचारलं, ‘‘परतीच्या टायमाले येता का?’’ हा किस्सा भाऊ आजही सांगतात, आणि त्या दिवशी मॅच कोणाची होती ते त्यांना आठवत नाही.

गेटवर खरी कसोटी. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, आणि आतले भाव जगातल्या कुठल्याही स्टेडियमसारखे, म्हणजे आकाशाला लागून. यावर भाऊंचा तोडगा साधा आहे. ‘‘पिशवी तपासतेत, पोट नाही तपासत.’’ गेटच्या अलीकडे झाडाखाली ते पेपर अंथरतात. पाटवड्या, भाकर, ठेचा, कांदा. कांदा बुक्कीने फोडतात, कारण चाकू आणला तर तोही अडवतील. आम्ही चौघं घशाशी येईपर्यंत खातो. राहिलेल्या पाटवड्या येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रह करकरून वाटल्या जातात. एकदा बंदोबस्तावरचा पोलीस दहा मिनिटं पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, ‘‘काका, मॅच सुरू झाली. तुम्हाले आत जायचं आहे, का पंगत बसवाची आहे?’’

आत गेल्यावर भाऊ मॅच बघतात, पण भावाने. २००८ च्या नोव्हेंबरात जामठ्याच्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणातच एका डावात ८ बळी घेतले, सारं जग कौतुक करत होतं. भाऊंनी बोर्ड पाहिला. ‘‘२१५ दिले? मग महाग पडले.’’ त्यांच्या हृदयसिंहासनावर एकच गोलंदाज विराजमान आहे, दीपक चहर. १० नोव्हेंबर २०१९, बांगलादेशविरुद्ध हॅटट्रिकसह ७ धावांत ६ बळी. भाऊ उभे राहून ओरडले, ‘‘सात रुपयांत सहा नग! गोकुळपेठ मार्केटात कोणी देऊन दाखवावं!’’

याउलट २३ सप्टेंबर २०२२. ओल्या मैदानामुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धची टी-ट्वेन्टी आठ-आठ षटकांची झाली आणि आपण ती चार चेंडू राखून जिंकलो. लोक नाचत बाहेर पडले. भाऊ बोटं मोजत. ‘‘४० ओव्हरचे पैसे घेतले, अन् माल दिला १५ ओव्हर २ बॉल. यात नाचण्यासारखं काय आहे बे?’’ २०२३ च्या फेब्रुवारीत कसोटीसाठी त्यांनी घरी पाच दिवसांचा चिवडा करून घेतला. ऑस्ट्रेलिया दुसऱ्या डावात ९१ वर आटोपली आणि मॅच तिसऱ्या दिवशी संपली. आम्ही तो चिवडा होळीपर्यंत खाल्ला.

खरेदीचंही शास्त्र आहे. गेटबाहेर निळ्या जर्सी विकणारे असतात. भाऊ टॉसआधी फक्त भाव विचारतात; त्याला ते 'नेट प्रॅक्टिस' म्हणतात. इनिंग ब्रेकला भाव उतरतो, आणि आपण हरलो तर विकणारा गठ्ठा परत नेण्यापेक्षा देऊन टाकतो. १५ मार्च २०१६, टी-ट्वेन्टी विश्वचषक. न्यूझीलंडने अवघ्या १२६ केल्या आणि आपण ७९ वर ऑलआउट. अख्खा वर्धा रोड मान खाली घालून चालला होता. त्या गर्दीत एकच माणूस ताठ मानेने चालत होता, काखेत चार जर्सी घेऊन. त्या वर्षी भाऊंच्या घरी दिवाळीला सगळ्यांना निळे कपडे होते.

या शास्त्राची किंमत त्यांनी एकदाच मोजली. १२ मार्च २०११, विश्वचषक, दक्षिण आफ्रिका. सचिनचं शतक झालेलं, धावफलक १ बाद २६७. एवढ्या सुबत्तेत आपल्यावाचून काही अडत नाही, म्हणून भाऊ समोसे आणायला उठले. समोसा एका काउंटरवर घेतील तर ते भाऊ कसले! त्यांनी प्रत्येक काउंटरवरचा समोसा हातात तोलून पाहिला, भाव विचारला, पुन्हा पहिल्यावर आले. दोन समोसे घेऊन जागेवर पोचले तेव्हा भारत सर्वबाद २९६. २९ धावांत नऊ गडी. भाऊंनी बोर्डाकडे पाहिलं, समोशाकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘पण पाहा, मोठा आहे.’’

वहिनींना हे सगळं पाठ आहे. त्या म्हणतात, ‘‘स्वस्तात खायाले पंधरा किलोमीटर जातेत, अन् घरी फुकट मिळते त्याले मीठ कमी म्हणतेत.’’

२०२५ मध्ये रणजीची फायनल जामठ्याला आली. विदर्भ विरुद्ध केरळ, आणि प्रवेश मोफत. मला वाटलं, भाऊ आनंदाने वेडे होतील. पण ते अस्वस्थ दिसले. तिकीटच नाही, तर वसूल काय करायचं? तिसऱ्या दिवशी बिचारे नुसते बसले आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा क्रिकेट पाहू लागले. केरळचा कप्तान सचिन बेबी ९८ वर मोठा फटका मारायला गेला आणि झेल देऊन बसला. स्टँड उसळला. भाऊ मात्र कळवळले. ‘‘अरेरे! ९८ जमवले, अन् दोन चिल्लरसाठी नोट हरवली!’’

विदर्भाच्या ३७९ ला केरळचे ३४२. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्चला विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. भाऊ घरी आले ते छाती फुगवून. ‘‘पाहून घे,’’ वहिनींना म्हणाले, ‘‘३७ शिल्लक टाकले, अन् सगळ्या देशात पहिला नंबर! अन् तू मले हसते.’’

वहिनींनी पोळी तव्यावर टाकली. ‘‘मंग? आज तुमचे किती वाचले?’’

भाऊंनी बोटांवर हिशेब केला. दोनदा केला. मग पाटावर बसत पडेल आवाजात म्हणाले, ‘‘काहीच नाही. फुकटात कुठी काय वाचते?’’