'कळंबा तलाव (ऑनर्स)' : प्रवेश मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, प्रवेश समिती,
'आपली पदवी आपणच आखा' अभ्यासक्रम (निघाल्यास)

विषय : न निघालेल्या अभ्यासक्रमात आगाऊ प्रवेश मिळणेबाबत.

महोदय,

विनंती अर्ज करतो की, मी कळंब्याचा रहिवासी असून चालू पदवीला कंटाळलो आहे. जम्मू विद्यापीठानं 2023 मध्ये 'डिझाइन युवर डिग्री' सुरू केलं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गॅलॅटिन स्कूलचा जन्म 1972 चा; तिथली मुलं आपापली पदवी स्वतः आखतात. म्हणजे आपल्याकडंही कधीतरी निघणारच. रांग लागायच्या आत अर्ज देऊन ठेव, असं घरच्यांचं मत पडलं.

माझी पदवी 'कळंबा तलाव (ऑनर्स)'. मेजर विषय पाणी : संस्थानकाळात शहराची तहान भागवायला बांधलेल्या तलावात आज काय काय मिसळतं, याची तपासणी. मायनर राज्यशास्त्र : हद्दवाढ. शहराला गाव हवं, गावाला शहराचा घरफाळा नको. एवढ्यावर चार सेमिस्टर आरामात निघतील. ऑन जॉब ट्रेनिंग ग्रामपंचायतीत.

असली खिचडी कुठं असतीय व्हय, असं आपण विचाराल. कोल्हापुरातच होती. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत, मूर्ती घडवत. सिनेमाचा कॅमेराही त्यांनी इथंच तयार केला. 1917 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आज ते प्रवेशाला आले असते, तर रंगकाम कला शाखेत, कॅमेरा विज्ञान शाखेत, कंपनी वाणिज्य शाखेत गेली असती आणि तिन्हींचे तास सकाळी साडेसातलाच लागले असते.

निवडीचं स्वातंत्र्य आम्हाला मिळालेलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. राज्य सरकारनं 20 एप्रिल 2023 च्या निर्णयानं मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असा सगळा थाट मांडून दिला. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट, चौथ्या वर्षासह 160. थिअरीच्या 15 तासांना एक क्रेडिट. ते क्रेडिटच्या बँकेत जमा होतं, सात वर्षं टिकतं, व्याज तेवढं मिळत नाही.

आमच्या कॉलेजातही ओपन इलेक्टिव्हची यादी लांबलचक होती. मी मागितलेल्या पहिल्या विषयाला पुरेशी मुलं आली नाहीत. दुसऱ्याला शिक्षक नव्हते. तिसऱ्याचा तास मेजरच्याच वेळेला. उरला तो विषय मी आवडीनं निवडला, अशी पोर्टलवर नोंद आहे. तो शिकवणारे सर तासिका तत्त्वावर. तास संपला की दुसऱ्या कॉलेजच्या तासाला पळतात. तलावाच्या पदवीबद्दल त्यांना विचारावं म्हटलं, तर ते गाडीला किक मारता मारता 'चांगलं आहे' म्हणाले. माझं करिअर मार्गदर्शन ते एवढंच.

आणखी एक शंका. नोकरीच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातील पदवी' मागतात. माझ्या पदवीला संबंधित जाहिरातही मीच आखायची, की ती आपल्याकडून मिळेल, हे कृपया कळवावं.

गॅलॅटिनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला सल्लागार प्राध्यापक असतो. त्याच्यासोबत बसून पदवी आखायची आणि शेवटी ती प्राध्यापकांसमोर तोंडी पटवून द्यायची. तिथल्या पदवीत खरी किंमत आहे ती या बसण्याला. आपल्याकडं मात्र अर्जात विषयांचे रकाने वाढले आणि ज्याच्यासमोर बसायचं ती खुर्ची रिकामी राहिली. शिकवणाराच नसेल, तर माझी निवड म्हणजे नुसती टिकमार्क.

तरी साहेब, आधी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा, मग आम्हाला आवडीचे रकाने भरायला सांगा.

आपला विश्वासू,
एक अर्जदार, कळंबा, कोल्हापूर