आधी भट्टी दाखवा

कन्नडला चांगलं भाजलेलं कुठे मिळतं, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, जिथे ट्रक उभे तिथे जेवण चांगलं. पण ट्रकवाला चवीसाठी थांबतो हे ठरवलं कुणी? गाडी लावायला ऐसपैस जागा, अंघोळीला हौद आणि पाठ टेकायला बाज दिसली की तो थांबतो. कोंबडी ओघाने येते. शिवाय ऑगस्ट 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने औट्रम घाटात जड वाहनांना बंदी घातली, तेव्हापासून चाळीसगावच्या वाटेवर या सिद्धान्ताचे साक्षीदारही विरळ झाले. दुसरं उत्तर मोबाइलमधल्या ताऱ्यांचं. पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या उतरून परत चढून आलेला माणूस पुढ्यात येईल त्याला पाच तारे देतो. त्यातले चार भुकेचे असतात.

म्हणून पाटी वाचू नये, विस्तव पाहावा. ज्वाळा उठत असतील तर कोंबडी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची निघणार. निखाऱ्यांवर राखेची पातळ साय धरली असेल, चरबीचा थेंब पडून चर्र होत असेल आणि त्याचाच धूर परत मांसाला लागत असेल, तर जागा बरी. मग विचारावं, "किती वेळ लागेल?" "दोन मिनिटं" म्हणाला तर माल सकाळीच भाजून ठेवलाय, आता नुसता शेकून मिळेल. "अर्धा तास तरी लागेल" असं कपाळाला आठ्या घालून सांगणारा माणूस विश्वासाचा. लालभडक रंगावर भाळू नये, तो बहुधा डबीतला असतो.

यावर कुणी म्हणेल, निखारा उत्तम आणि मसाला भिकार असला तर? असेलही. पण बटण दाबून गॅस पेटतो, तो सोडून जो तासभर आधी कोळसे फुलवत बसतो, तो मसाल्यातच कंजुषी करील याची शक्यता कमी. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. हीच कसोटी लावली तर तालुक्यातलं अव्वल भाजकाम हॉटेलात सापडतच नाही. ते सापडतं पौषातल्या शेतात, गोवऱ्यांच्या आगटीत खुपसलेल्या ज्वारीच्या कणसांत. कणीस बाहेर काढायचं, हात पोळत असतानाच चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवा दाणा लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. घाट उतरलात तर खानदेशात काड्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजलेली मिळतात. यात मांस कुठंय, असं विचारणाऱ्यांचं दुःख खरं आहे. पण धूर, निखारा आणि धीर या तिन्ही बाबतीत हुरडा तंदुरीला हरवतो, आणि त्याला रंगही लावावा लागत नाही.

अडचण एकच, हुरड्याला पाटी नसते आणि दाणा टणक झाला की हंगाम संपतो. तेव्हा संक्रांतीच्या आगेमागे एखादा शेतकरी ओळखीचा ठेवा. उरलेले दहा महिने तंदुरीच मागवा, पण ऑर्डर देण्याआधी मागच्या दाराने जाऊन भट्टी बघून या.