पाच मिनिटांचा तंबू

मँचेस्टर

ति. आई-बाबांस,


पत्रास कारण की, तुमच्या चिरंजीवांनी तंबू घेतला आहे. घर जागेवर आहे, हप्ते वेळेवर जाताहेत, तेव्हा काळजीचं काही नाही. मागे व्हिडिओ कॉलवर चिरंजीव ‘डोंगराकडे एक छोटंसं बघतोय’ असं जे मोघम बोलले, ते हेच. त्यावर बाबांनी तिकडे वकिलांकडे परदेशातल्या जागेच्या कागदपत्रांची चौकशी सुरू केल्याचं कळलं, म्हणून सूनबाईंनी हे सविस्तर पत्र लिहायला घेतलं. जागा नाही, सातबारा नाही. मोटारीच्या मागे जोडायची दोन चाकांची पेटी आहे. ती डोंगराच्या पायथ्याशी ओढत न्यायची, उघडायची आणि आत झोपायचं. इकडे तिला ट्रेलर टेंट म्हणतात.

साधा तंबू चिरंजीवांच्या कमरेला मानवला नाही आणि कॅरॅव्हॅन घरापुढच्या जागेत मावणार नव्हती. मधला मार्ग हा निघाला. ट्रेलर टेंट बंद असताना इतका बुटका असतो की मोटारीच्या आरशात त्याच्या डोक्यावरून मागचा रस्ता दिसतो. उघडला की पलंग जमिनीच्या चांगला वर येतो, त्यामुळे खालचा गारवा आणि गांडुळं दोन्ही टळतात. हा शेवटचा मुद्दा नातीचा आहे, आणि घरात तोच निर्णायक ठरला.

इंग्रजांना या प्रकाराचं वेड जुनंच. इथला कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब १९०१ सालचा. त्याचा आरंभ केला थॉमस हायराम होल्डिंग यांनी, सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना म्हणून. होल्डिंग पेशाने शिंपी होते. १९०८ साली त्यांनी तंबूवाल्यांसाठी एक पुस्तकही लिहिलं. चळवळच शिंप्याने सुरू केल्यामुळे असेल, पण या लोकांना पावसात उभं राहून ओल्या कापडाच्या कडा एकमेकींना जुळवत बसण्यात काही गैर वाटत नाही.

तर सारा हिवाळा चिरंजीव जाहिराती वाचत होते. प्रत्येक जाहिरातीत तंबू पाच मिनिटांत उभा राहत होता. काहींत तर बाईने पांढरी पँट घातलेली आणि हातात कॉफीचा मग. सूनबाईंना संशय आला तो पँटवरून.

जाहिरात खोटं बोलत नाही, अर्धं बोलते. पाच मिनिटांत उभा राहतो तो झोपायचा भाग. त्यापुढे कापडाची पडवी असते. स्वयंपाक, खुर्च्या, चिखलाचे बूट, सगळं तिथेच राहतं. ती उभी करायला लोखंडी नळ्यांची वेगळी पिशवी येते आणि खरी मेख त्या पिशवीत असते. नळ्या दिसायला सारख्या, लांबीला बोटभर कमीजास्त. आधीच्या मालकाने लावलेल्या रंगीत चिकटपट्ट्यांचे रंग उन्हात उडालेले. मग मेखा ठोकायच्या, दोर ताणायचे, जमीन उताराची असली तर एका चाकाखाली फळी सारायची. चारी कोपऱ्यांचे पाय हँडल फिरवून खाली घ्यायचे, पण आधी पातळी तपासून, नाहीतर रात्रभर सगळं कुटुंब एका कुशीला गोळा होतं.

म्हणून निवड करताना सूनबाईंनी एकच कसोटी लावली: सुट्या नळ्या किती? बाकी सगळं त्यानंतर.

या कसोटीला डॅनिश मंडळी चांगली उतरतात. काँबी-कँप नावाचा तंबू आहे, त्याचं झाकण एका बाजूला उलटवलं की आतली चौकट कापडासकट उभी राहते आणि झाकणाची जमीन होते. दुसरा कँप-लेट, त्यात पडवीची चौकट मूळ तंबूलाच धरून असते. फ्रेंच तंबू, ट्रिगानो वगैरे, ऐसपैस असतात. पाहुणे येणार असतील तर ते बरे, पण ऐसपैस म्हणजे नळ्या आल्या. कॉनवे आणि पेनाइन ही इथली जुनी ब्रिटिश नावं. त्यांचे फोल्डिंग कँपर म्हणजे तंबूच्या पुढची पायरी: ट्रेलरचा तळ हीच घराची जमीन, पलंग दोन्ही टोकांना ड्रॉवरसारखे बाहेर येतात, ओटा आणि सोफा आतच. एअर ओपसने तर नळ्याच काढून टाकल्या. पंप लावला की हवेच्या कमानी फुगून छप्पर वर येतं. चिरंजीव त्याच्यापाशी बराच वेळ घुटमळले. नव्याची किंमत ऐकल्यावर मात्र त्यांनीच सांगितलं की हवेवर विसंबणं बरं नव्हे.

कापडाचाही विचार आहे. बहुतेक तंबू सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हासचे. हे कापड श्वास घेतं, आत कोंदट होत नाही. कोरं असेल तर वापरण्याआधी भिजवून वाळवतात. धागे फुगतात आणि शिवणीची भोकं बुजतात. पाऊस चालू असताना मात्र आतून त्याला बोट लावायचं नाही, लावलं की नेमकं तिथूनच ठिबकू लागतं. हे नातवाला सांगितलं, हेच चुकलं. याउलट डँडी नावाचे जुने कँपर पीव्हीसीच्या कापडाचे. पाऊस थांबला की फडक्याने पुसा आणि मिटा. फक्त थंडीत सकाळी आतल्या बाजूने दव धरतं.

कायद्याची बाजू चिरंजीवांनी पाठ केली आहे आणि ती ते पाहुण्यांना जेवणाआधी ऐकवतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचं भरलेलं वजन ७५० किलो किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मं, यांतलं जे कमी असेल त्याच्या आत हवं. आपली मोटार तेराशे किलोच्या आसपास, म्हणजे साडेसहाशेची मर्यादा, आणि त्यात कुकर, गाद्या, तांदूळ सगळं आलं. ब्रेकवाला ट्रेलर जास्त वजनाचा चालतो. पूर्वी १९९७ नंतर परवाना काढलेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा लागायची, ती डिसेंबर २०२१ पासून गेली. आता साडेतीन हजार किलोपर्यंत मुभा आहे. मागे मोटारीच्याच नंबरची पिवळी पाटी लागते. वेग दुपदरी साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०, आणि तीन किंवा जास्त पदरांच्या मोटरवेवर सगळ्यात उजवा पदर बंद. आईंना चिरंजीवांच्या वेगाची नेहमी धास्ती असते. ती आता सरकारने मिटवली आहे.

तंबू शेवटी चेशरमधल्या एका निवृत्त गृहस्थांकडून जुनाच घेतला. ‘फारसा वापरलेला नाही’ असं ते म्हणाले, आणि खरंही असावं. पण ट्रेलरचे टायर न वापरताही म्हातारे होतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सूनबाईंनी गवतावर गुडघे टेकून, मोबाइलचा दिवा लावून ते वाचले: २३०८. म्हणजे २००८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कोरी करकरीत आणि रबराला बारीक भेगा. नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा झाले. चिरंजीव त्या वेळी गृहस्थांबरोबर क्रिकेटवर बोलत होते.

मग सूनबाईंनी विनंती केली, की उघडून दाखवलात, आता एकट्याने मिटूनही दाखवा. ही विनंती तंबू घेणाऱ्या प्रत्येकाने करावी. उघडताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं, मिटताना उलट. कापड बिजागरीत अडकतं, पट्टा सापडत नाही, झाकण चार बोटं वरच राहतं आणि त्यावर कोणाला तरी बसावं लागतं. या गृहस्थांनी कापडाच्या कडा आत खोचत, एका हाताने झाकण दाबत, श्वास न लागता तो मिटला. वय सत्तरीच्या पुढचं. व्यवहार तिथेच ठरला.

पहिली स्वारी लेक डिस्ट्रिक्टला, केझिकला. एम-सिक्सने पेनरिथ, तिथून ए-सिक्स्टीसिक्स. केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेलच्या खोऱ्यात सीथवेट नावाची वाडी आहे, इंग्लंडातलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो हे चिरंजीवांनी शेजारच्या तंबूतल्या इंग्रजाला अभिमानाने सांगितलं. महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग लोक स्ट्रॉबेरी लावतात. इथला वर्षभर पुरवून पुरवून पडतो.

बाबांनी सोसायटीच्या गणपतीचा मांडव इतकी वर्षं उभा करवून घेतला आहे, त्यांना ठाऊक आहे की मांडववाले कधी माहितीपत्रक वाचत नाहीत. चिरंजीवांनी वाचलं, मोठ्याने, पावसात. नात पातळी बघत होती, नातू हातोडी घेऊन मेख सोडून बाकी सगळीकडे ठोकत होता. झोपायचा भाग खरोखरच पाच मिनिटांत उभा राहिला. पडवीला मात्र चहाची वेळ टळून गेली. शेजारी हातात मग घेऊन बघत होते. इथे न विचारता मदत करणं असभ्य समजतात आणि मदत मागणं त्याहून असभ्य, त्यामुळे सगळे एकमेकांकडे बघून छान हसत होते.

चहाचीही गोष्ट आहे. जागेवर विजेचा खांब असतो, पण पुष्कळ ठिकाणी तो १० अँपिअरचा. म्हणजे सगळं मिळून २,३०० वॉट. घरची किटली ३,००० वॉटची. चिरंजीवांनी ती लावली आणि तंबूत अंधार झाला. आता हजार वॉटच्या आतली प्रवासी किटली आणली आहे. उकळायला वेळ घेते, पण उजेडात. पोहे गॅसवर पडवीत होतात, दारं सताड उघडी ठेवून. कोळशाची शेगडी मात्र विझत आली असली तरी तंबूत घ्यायची नाही, तिचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. शेजारच्या तंबूपासून ६ मीटरचं अंतरही आगीच्याच भीतीने ठेवायला लावतात. कुकरच्या शिट्टीला एवढं अंतर पुरत नाही, हे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

परतीच्या दिवशी पाऊस होताच. ओला कॅनव्हास मिटून आणावा लागला तर घरी येऊन एक-दोन दिवसांत पुन्हा उघडून वाळवायचा, नाहीतर काळे ठिपके धरतात आणि ते डाग कापड जाईपर्यंत जात नाहीत. त्यासाठी घरापुढे तंबू पूर्ण उघडेल एवढी जागा लागते, नुसता उभा राहील एवढी पुरत नाही. सूनबाईंनी ती खरेदीआधीच टेपने मोजली होती. पडवी मात्र त्या जागेत बसत नाही. ती सध्या जिन्याच्या कठड्यावर वाळते आहे, आणि वरच्या मजल्यावर जायचं तर वाकून जावं लागतं.

आता तुमच्याविषयी. पलंगाला चढायला पायरी आहे, बाबांच्या गुडघ्यांना ती जमेल. चिरंजीवांनी उंची मोजून ठेवली आहे. न्हाणीघर आणि संडास स्वच्छ असतात, गरम पाणी असतं, पण तंबूपासून चालत जावं लागतं, म्हणून आईंसाठी त्यांच्या जवळचीच जागा मागून घेऊ. उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो, तेव्हा लोकरीचे मोजे आणि कानटोपी बरोबर असू द्या. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी इथे सुट्टी असते, त्या आठवड्यात शाळाही बंद, आणि तळ्याकाठच्या जागा फार आधी भरतात. तेव्हा तिकिटाची तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे नाव नोंदवून टाकता येईल.

आपली,
सूनबाई