काठावरचे जाणकार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावात एक गृहस्थ हमखास भेटतात. वय साठीच्या पुढचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, आणि उभं राहायला जाम नदीच्या काठावरचं असं एखादं जोतं, जिथून सगळं दिसतं पण गोटा पोचत नाही. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, पलीकडे पांढुर्णा. झाड रोवायचं सावरगावानं, तोडून न्यायचं पांढुर्ण्यानं, आणि तोवर दिवसभर दोन्हीकडून दगडांचा मारा, ही गोटमार. नवा जावई, नागपूरचा पाहुणा, कॅमेरा घेऊन आलेला पत्रकार, असा कोणीही नवखा दिसला की जाणकारांचा वर्ग भरतो. "झाडाले पाहू नका जवाईबापू, समोरच्याच्या हाताले पाहा." गोफण चालवायची नाही, तो हलकटपणा. पडलेल्यावर मारायचं नाही. आणि दिवसाचा राग संध्याकाळच्या सोयरिकीत आणायचा नाही, कारण समोरून नेम धरणारा बहुधा कोणाचा तरी मामेभाऊ असतो.

याच गृहस्थांचा सख्खा भाऊ येरवड्याच्या नाहीतर चेंबूरच्या गोल्फच्या मैदानावर सापडेल. टोपीचा आकार वेगळा, सूर तोच. दुसरा कोणी फटका मारत असताना बोलू नका, त्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय देऊ नका, वाळूतली आपली पावलं दाताळ्यानं पुसून टाका, उखडलेली हिरवळ परत बसवा, आणि चेंडू माणसांच्या दिशेनं निघालाच तर 'फोर!' म्हणून बोंब मारा. स्कॉटलंडमधल्या लीथला 1744 साली या खेळाचे 13 नियम लिहिले गेले. आज एका खेळाडूला 14पेक्षा जास्त काठ्या बाळगता येत नाहीत. आपल्या जाणकारांची गोफणबंदी याच जातीची. गोल्फचा चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा, पण वेगात कपाळावर बसला तर माणूस आडवा होतो. सभ्यता मऊ हातांच्या माणसांनी काढली, हा समज म्हणूनच खोटा वाटतो. ज्यांच्या हातात टणक वस्तू होती, त्यांनाच ती आधी सुचली असणार.

यावर कोणी म्हणेल, कुठं गोल्फ आणि कुठं गोटमार! गोल्फचे नियम इजा टाळायला आहेत. हा आक्षेप रास्त आहे, आणि जाणकारांची खरी गंमतही इथंच आहे. पुढची मंडळी टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फटका मारू नये, हा गोल्फचा पहिला धडा. सावरगावात मंडळी टप्प्यात नसतील तर दिवसच फुकट! म्हणजे जाणकारांचे सगळे नियम पाळूनही डोकी फुटतातच. दरवर्षी जमावबंदीचा हुकूम निघतो, पोलीस येतात, डॉक्टर मलमपट्टीची तयारी ठेवून बसतात. आजवर माणसं मेलीही आहेत. 2023मध्ये छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, पण त्यानं गोट्यांच्या दिशेत फरक पडला नाही. मग हा शिष्टाचार करतो काय? तो गोट्याला इभ्रत देतो. नियम नसते तर ती मारामारी ठरली असती. नियम आहेत म्हणून ती प्रथा.

जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: वैर कुठं आहे? तेही खरंच. गोटमारीमागच्या दंतकथेतला मुलगा पांढुर्ण्याचा, मुलगी सावरगावची. नदी ओलांडून पळताना त्यांच्यावर दगड पडले म्हणतात, पण आजही दोन्ही काठांवर सोयरिकी जुळतात, आणि शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात पोचतं. मात्र वैर नाही म्हटलं, की गोटा कशाला हा प्रश्न आणखीच अवघड होतो. प्रशासनानं एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले. ते चालले नाहीत, आणि जाणकारांना तर मुळीच रुचले नाहीत. रबरी चेंडू कसा मारावा हे शिकवायला जोत्यावर म्हातारा लागत नाही. टप्प्याबाहेर राहण्याचा गोल्फवाला नियम त्यांना ठाऊक नाही असं मात्र समजू नये. स्वतःच्या नातवाला त्यांनी पोळ्याच्या आधीच नागपूरला मावशीकडे धाडलेलं असतं. कारण विचारलं तर म्हणतात, "त्याची तिमाही परीक्षा हाये न."