निळ्या बाटलीचा थाट

घरी क्रीम आणि सीरम बनवणाऱ्या मंडळींची पहिली खरेदी तेलाची नसते, बाटलीची असते. आणि बाटली हवी ती गडद निळी. खिडकीतल्या उन्हात ती अशी झळकते की फोटो काढल्यावाचून राहवत नाही. तेलाला नेमकं तेच ऊन बाधतं, पण तेलाला विचारतो कोण?

हा निळा रंग कोबाल्टचा. निळा प्रकाश आरपार सोडते म्हणून तर ती काच निळी दिसते. शेजारचा जांभळा आणि थोडा अतिनील प्रकाशही ती आत घेते. तपकिरी काच मात्र साधारण 450 नॅनोमीटरच्या खालचा बहुतेक प्रकाश दारातच अडवते. पण ती खोकल्याच्या औषधाची वाटते ना! पाहुण्यांसमोर ठेवायची कशी?

मग ड्रॉपरची हौस. शुद्ध सुगंधी तेलावर ड्रॉपर कायमचा बसवला की त्याचं रबर वाफेनं हळूहळू मऊ, चिकट होतं. म्हणजे सीरममध्ये रबराचा अर्क मोफत. संत्र्याचं तेल तर अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेनंच बिघडतं, आणि त्यातलं लिमोनीन ऑक्सिडाइझ झालं की त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. चेहऱ्यावर लाली येते खरी, पण खाज सुटणारी.

आणि प्रिझर्व्हेटिव्ह न घातलेलं कोरफड-गुलाबपाणी? ते कुठल्याही रंगाच्या काचेत नासतं. थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा. तेलासाठी लहान तपकिरी बाटली घ्या, घट्ट झाकणाची, आणि गळ्यापर्यंत भरा.